देवघराबाहेरचा डेलिया

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईच्या रस्त्यावर झेंडूचे ढीग लागतात आणि पुणं दोन दिवस केशरी-पिवळं होऊन जातं. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, असं कुणाला सांगितलं तर समोरचा माणूस हसतो. निशिगंधही तिथलाच. देवळाच्या ओट्याशी वाकडातिकडा वाढलेला पांढरा चाफासुद्धा अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेला. ही सगळी मंडळी आपल्याकडे आली, तोरणात बसली, वेणीत शिरली, देवाच्या पायाशी गेली, आणि ती कधी परकी होती हे आपण विसरूनही गेलो. त्याच मेक्सिकोतला, झेंडूच्याच कुळातला, रंगांच्या बाबतीत त्याच्याहून कितीतरी श्रीमंत असलेला डेलिया मात्र अजून फाटकाच्या आत, कुंडीत, काठीला बांधलेला उभा आहे.

त्याला सण नाही. देव नाही. आपल्याकडे तो कुठल्या काढ्यात पडत नाही की लेपात. हारात ओवावा तर पाकळ्या दोऱ्याचा ताण सोसत नाहीत, संध्याकाळपर्यंत गळायला लागतात. फुलदाणीत ठेवावा तर चार दिवस कसाबसा तग धरतो. आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे वास. मराठी घरात फुलाची पहिली परीक्षा नाक घेतं. मोगरा, बकुळ, सोनचाफा, अनंत ही नावं नुसती घेतानासुद्धा माणूस नकळत श्वास आत ओढतो. जास्वंदीला वास नाही हे खरं, पण तिला गणपतीचा वशिला आहे. डेलियाला तोही नाही.

माझ्या सासूबाई रोज सकाळी परडी घेऊन बागेत फिरत. तगर, पारिजातक, जास्वंद, जाई. डेलियाच्या कुंड्यांपाशी त्यांचा हात कधी थांबला नाही. एकेक फूल जेवणाच्या ताटलीएवढं उमललेलं असायचं, आणि त्या पदर सावरून त्याच्या बाजूने पुढे जायच्या. ‘वास ना उपयोग, नुसता तोरा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सासरे, म्हणजे आमचे अप्पा, खडकीला नोकरीला होते. साहेबाच्या बंगल्यातल्या माळ्यानं त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून एक गड्डा दिला, आणि त्यातून आमच्या घरात डेलिया आला. वाड्यातल्या चार हात अंगणात आधी, मग कोथरूडच्या बैठ्या घराच्या परसात. अप्पा सासूबाईंना उत्तर देत नसत. फक्त झारी घेऊन कुंड्यांकडे वळत. पुढे दोघांचीही जबाबदारी माझ्याकडे आली, परडीही आणि कंदांचा माठही.

झेंडूला जे जमलं ते डेलियाला का जमलं नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वास हे काही पूर्ण उत्तर नाही. झेंडूचा वास तरी कुठे कुणी गजऱ्यात माळण्यासारखा आहे! माझ्या मते खरं कारण बियाणं आणि वेळ. झेंडूचं वाळलेलं फूल कुस्करून पावसाच्या सुरुवातीला मातीत टाकलं की त्याला पुढे कुणाची गरज लागत नाही. तो पावसात वाढतो आणि नेमका नवरात्रात फुलतो. शेतकऱ्याला परवडतो, गाडीत पोतंभर कोंबला तरी सोसतो, तोरणात दोन दिवस टवटवीत राहतो. डेलिया यातलं काहीही करत नाही. बियाणं पेरून त्याचं हवं ते फूल मिळत नाही. कंद ठेवावा तर उन्हाळ्यात सुकतो, पावसाळ्यात कुजतो. फुलतो तोही पौषाच्या आसपास, सगळे सण उरकल्यावर. म्हणजे देवळापर्यंत पोचायचा रस्ता त्याला कुणी अडवला नाही, त्याचं वेळापत्रकच जुळलं नाही.

आणि गंमत ही की ते जुळायला हवं होतं. मेक्सिको सिटी विषुववृत्ताच्या उत्तरेला 19 अंशांच्या थोडी पुढे आहे, पुणं साडेअठरा अंशांवर. नकाशावर आडवी रेघ ओढली तर दोन्ही शहरं जवळजवळ तिच्यावरच येतात. पाऊसही तिकडे आपल्याच महिन्यांत, साधारण जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर. रानातला डेलिया तिथे पहिल्या पावसानं जमिनीतून वर येतो, पावसाळाभर फुलतो आणि हिवाळा लागला, जमीन कोरडी झाली की वरचा सगळा पसारा सोडून देऊन कंदात झोपतो. फरक आहे तो उंचीचा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरच्या वर, पुणं जेमतेम साडेपाचशेवर. तिथला पाऊस गार डोंगरउतारावर पडून वाहून जातो. इथला कुंडीत साचतो, आणि दोन सरींच्या मधल्या उकाड्यात मुळं शिजतात. म्हणून आपण काय केलं, तर त्याचं वर्षच उलटं केलं. तो जेव्हा झोपायचा तेव्हा त्याला जागवलं, आणि जेव्हा जागा व्हायचा तेव्हा जिन्याखाली वाळूत पुरून ठेवलं. ज्या ऋतूत त्याचे भाऊबंद आपल्या डोंगरात निजलेले असतात त्या ऋतूत आमचा डेलिया कोथरूडमध्ये मफलर गुंडाळलेल्या लोकांसमोर उभा असतो.

या उलटेपणाची किंमत तो वसूल करतो. डेलियाला दिवसाची लांबी कळते. दिवस बारा तासांच्या खाली गेला की त्याला हिवाळ्याची चाहूल लागते, आणि पानांनी कमावलेलं अन्न तो फुलांऐवजी कंदाकडे वळवायला लागतो. पुण्यात डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास येतो. म्हणजे आपण त्याच्याकडून फुलं मागतो ती नेमकी त्याच्या निजायच्या वेळी. झाड गोंधळतं. मोसमाच्या सुरुवातीची फुलं भरगच्च येतात, पण पुढे पुढे त्यांच्या पाकळ्या विरळ होतात आणि मधली पिवळी चकती उघडी पडते. अप्पा म्हणायचे, ‘डोळा दाखवायला लागला.’ प्रदर्शनाच्या टेबलावर हा दोष. मला मात्र तो आवडतो. भरगच्च फुलावर मधमाशी नुसती घिरट्या घालून निघून जाते, तिला आत जायला वाटच नसते. डोळा उघडला की ती उतरते आणि बराच वेळ मुक्काम करते.

रानातला मूळ डेलिया असाच असतो, आठ पाकळ्या आणि मध्ये पिवळी चकती. शिवाय ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक स्वतंत्र फूल असतं. सूर्यफूल, शेवंती, झेंडू या सगळ्या कुळाची हीच रीत. चकतीतल्या बारीक फुलांचं पाकळ्यांत रूपांतर होत होत आजचा गच्च डेलिया झाला. हे इतक्या सहज झालं त्याचं कारण त्याच्या पेशींत आहे. बहुतेक प्राणी आणि वनस्पती गुणसूत्रांचे दोन संच बाळगतात, बागेतला डेलिया आठ बाळगतो, एकूण 64. त्यामुळे बी पेरलं की काय येईल याचा नेम नाही. जांभळ्याच्या बियांतून पिवळा, भरगच्चातून एकेरी, उंचातून ठेंगणा. जगात डेलियाचे हजारो प्रकार नोंदले गेले आहेत ते याच बेभरवशीपणामुळे. 5 सेंटीमीटरच्या आतल्या गोल पाँपॉनपासून 25 सेंटीमीटरच्या पुढच्या अवाढव्य फुलांपर्यंत. निळा तेवढा नाही. तो कुणालाच जमलेला नाही.

युरोपात तो पोचला 1789 साली, मेक्सिकोच्या वनस्पती उद्यानातून माद्रिदच्या राजोद्यानात. तिथल्या कावानिय्येस या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञानं 1791 मध्ये त्याचं नाव ठेवलं ते आंदेर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आठवणीसाठी. डाल तोवर वारला होता. ज्याच्या नावानं हे फूल जगभर ओळखलं जातं त्याने ते कधी पाहिलंच नाही. युरोपीयांनी बटाट्याच्या धर्तीवर त्याचे कंद खायचाही प्रयत्न केला. मेक्सिकोत ते खाल्ले जात, पण युरोपाच्या जिभेला रुचले नाहीत. कंदात पिष्ट नसतं, इन्युलिन असतं, कॉफीत घालतात त्या चिकोरीच्या मुळात असतं तेच. हे वाचल्यावर मी सासूबाईंना सांगितलं होतं की याचा कंद खातात म्हणे. त्या म्हणाल्या, ‘मग पोटात तरी जाऊ दे, देवावर नको.’

आता कामाचं. घटस्थापना ते दसरा हे आमच्याकडे लागवडीचे दिवस. परतीच्या पावसाची एखादी सर यायची असते, पण हवा बदललेली असते. बारा इंची कुंडी, तळाशी विटांचे तुकडे, मग पोयटा माती, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा. रोप लावायच्या आधी काठी. हा क्रम चुकवायचा नाही, कारण मागाहून खोचलेली काठी कंदातून आरपार जाते. डेलियाचं खोड पोकळ असतं, बोटाएवढं जाड झालं तरी आत हवाच. फूल जड आणि खोड पोकळ, अशी याची रचना आहे. संध्याकाळचा वारा सुटला की बिनकाठीचं झाड कमरेतून मोडतं. सुतळी आधी काठीला आवळायची आणि मग झाडाभोवती सैल आठाचा फास टाकायचा. प्लॅस्टिकच्या दोरीनं खोड कापलं जातं.

पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. नव्यानं डेलिया लावणाऱ्याचा हात इथे अडखळतो. इतकं ताजं, रसरशीत वाढणारं रोप, आणि त्याचं डोकंच उडवायचं! पण शेंडा राहिला तर झाड सरळसोट वर जातं, एक फूल देतं आणि मग काय करावं त्याला सुचत नाही. खुडलं की पानांच्या बेचक्यांतून दोन्ही बाजूंना फांद्या येतात. खरी कसोटी त्यापुढची. फांदीच्या टोकाला कळ्या येतात त्या तिघी, मधली मोठी आणि दोन बाजूंना दोन लहान. मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या दोन्ही वाटाण्याएवढ्या असतानाच काढून टाकायच्या. त्याखालच्या बेचक्यांत येतील त्याही. अप्पा हे काम सकाळी चष्मा लावून करायचे, दोन बोटांच्या नखांत धरून, बाजूला वाकवून, टच्च. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हिरव्या कळ्या साठायच्या. टाकवत नसत म्हणून.

मी निम्म्या झाडांच्याच कळ्या खुडते. हे माझं मत आहे आणि प्रदर्शनवाले त्यावर नाक मुरडतात. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. ते भरवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची. तिथे डेलियाचं टेबल बघत मी तासन् तास काढू शकते. पाकळीवर डाग नाही, मधला डोळा मिटलेला, मागच्या पाकळ्या देठाकडे वळलेल्या, सगळं अगदी नियमात. कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचं ते एक फूल असतं आणि मी त्यापुढे मनापासून मान झुकवते. पण घरी तसलं फूल आलं की त्याच्या वजनानंच ते खाली बघतं, आणि त्याच्याकडे पाहायला आपल्याला गुडघ्यावर बसावं लागतं. मधल्या आकाराची, दोन्ही बाजूच्या कळ्यांसकट फुलणारी झाडं मला जास्त माणसाळलेली वाटतात. एक मिटतं तोवर दुसरं उघडतं. कोमेजलेलं तेवढं वेळेवर काढायचं. यात एक फसगत ठरलेली: कोमेजून मिटलेलं फूल आणि न उमललेली कळी दुरून एकच दिसतात. बोटानं चाचपायचं. टोकदार आणि मऊ ते गेलेलं, गोल आणि घट्ट ती कळी.

रोगराईचं फार लिहीत नाही. मावा, फुलकिडे, फेब्रुवारीचं ऊन तापलं की पानांच्या खाली लाल कोळी, सकाळी धुकं पडलं की भुरी. निंबोळी अर्क, पाण्याचा फवारा आणि रोज पान उलटून बघायची सवय. शेंगपेंड भिजवून आंबवलेलं पाणी पंधरा दिवसांनी द्यावं, पण हात आखडता ठेवून. नत्र जास्त झालं तर पानंच पानं, आणि कंद पुढे साठवणीत कुजतात.

फाल्गुनात पानं पिवळी पडायला लागतात. बागेत येणाऱ्यांचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलेलं असतं, आणि डेलियाचं खरं काम तेव्हा सुरू होतं. पाणी हळूहळू तोडायचं. खोड वीतभर ठेवून वरचं कापायचं. त्या कापलेल्या पोकळ नळीत एखाद्या अवकाळी सरीचं पाणी शिरलं तर ते थेट कंदाच्या मानेपर्यंत उतरतं आणि सगळं आतून सडवतं, म्हणून वर झाकण. अप्पा नारळाची करवंटी पालथी घालत. मग आठवड्यानं कुंडी आडवी करून, माती भुसभुशीत करून गड्डा अलगद बाहेर काढायचा. लहान रताळ्यांचा घोस खोडाला लटकावा तसा तो दिसतो. धुवायचा, सावलीत वाळवायचा, आणि मग सुरी घेऊन बसायचं.

बटाट्याला अंगभर डोळे असतात, कुठूनही तुकडा कापा, उगवेल. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याला स्वतःचा डोळा नाही. डोळे असतात ते फक्त मानेवर, जुन्या खोडाला तो चिकटलेला असतो त्या इंचभर जागेत. कापताना त्या जागेचा बारकासा तुकडा सोबत आला तर कंद उगवणार. नाही आला तर तो कितीही गुबगुबीत असो, मातीत वर्षभर राहील, मुळंसुद्धा सोडेल, पण कोंब येणार नाही. अप्पा अशा कंदाला आंधळा म्हणत आणि कापण्यापूर्वी गड्डा उजेडात फिरवून फिरवून डोळे शोधत. मीही तसंच करते. कधी दिसतात, बारीक गुलाबी फोड आल्यागत. कधी दिसतच नाहीत, मग ते जून महिन्यात वर येईपर्यंत थांबायचं आणि तेव्हा कापायचं.

मग तडा गेलेला माठ. पाण्याला निकामी झालेले माठ आमच्याकडे फेकले जात नाहीत. तळाशी कोरडी वाळू, वर कंद, पुन्हा वाळू, आणि माठ जिन्याखालच्या अंधाऱ्या गारव्यात. पंधरा दिवसांनी हात घालून एकेक चाचपायचा. मऊ पडला तो काढून टाकायचा, नाहीतर शेजारच्यालाही घेऊन जातो. सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका हबका. चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला पोचलेला असताना आपण अंधारात हात घालून कुणाचं तरी कुशल विचारत बसायचं, हे डेलिया पाळण्याचं निम्मं काम. फूल बघायला येणाऱ्यांना हे दाखवता येत नाही.

आणि प्रत्येक कंदावर नाव. अप्पांकडे एक जांभळी कॉपिंग पेन्सिल होती. ओलसर कंदाच्या सालीवर तिनं लिहिलं की अक्षर पक्कं बसतं आणि पुढच्या मोसमापर्यंत टिकतं. त्यांनी लिहिलेली नावं कुठल्याही सूचीत सापडणार नाहीत: ‘माळ्याचा लाल’, ‘डॉक्टरीणबाईंचा पांढरा’, ‘वाईचा’, ‘मोडका पिवळा’. मोडका का, तर तो पहिल्या वर्षी वाऱ्यानं मोडला आणि तरी फुलला. साहेबांच्या बंगल्यातून निघताना या फुलांना इंग्रजी नावं नक्की असणार. माळ्याच्या हातून अप्पांच्या हाती येईपर्यंत ती गळून पडली आणि त्या जागी देणाऱ्याचं नाव लागलं.

नाव लागलेल्या डेलियाचं आयुष्य कसं असतं ते बघायचं तर ‘बिशप ऑफ लँडॅफ’ पाहावा. काळपट पानांवर रक्तासारखं लाल, अर्धवट एकेरी फूल. वेल्समधल्या कार्डिफच्या एका रोपवाटिकेतला, 1924 सालचा. बियांतून तो परत येत नाही, म्हणजे आज जगात जिथे कुठे खरा बिशप उभा आहे तो त्या पहिल्या झाडाचाच तुकडा. शंभर वर्षं दर हिवाळ्यात कुणीतरी तो काढला, पुसला, हिमापासून लपवला आणि वसंतात पुन्हा मातीत ठेवला. यातल्या एका साखळीतल्या सगळ्या माणसांनी एकाच वर्षी कंटाळा केला असता तर ती साखळी संपली असती. त्याहून थरारक गोष्ट 1872 ची. मेक्सिकोहून हॉलंडला पाठवलेली मुळांची एक पेटी उघडली तर आत सगळा चिखल झालेला. त्यात एकच कंद जिवंत होता. तो लावला, तर गुंडाळलेल्या निमुळत्या पाकळ्यांचं असं लालभडक फूल आलं जे युरोपात कुणी पाहिलं नव्हतं. त्याला मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेस यांचं नाव दिलं. आजचे सगळे टोकदार पाकळ्यांचे कॅक्टस डेलिया हे त्या एका कंदाचं गोत. खुद्द मेक्सिकोनं डेलियाला राष्ट्रीय फूल ठरवलं ते 1963 साली.

आमच्या ‘डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या’ला हे भाग्य नव्हतं. एका मोसमात त्याच्या पानांवर शिरांलगत पिवळट पट्टे दिसायला लागले. झाड ठेंगणं राहिलं, पानं मुरडली. मोझॅक. विषाणूच तो, मावा पसरवतो आणि कापायची सुरीही पसरवते. त्याला औषध नाही. मोठ्या प्रयोगशाळेत शेंड्याच्या अगदी टोकातले काही कण घेऊन निरोगी रोप वाढवतात म्हणतात, पण परसातल्या माणसाला एकच उपाय, उपटून नष्ट करणं, शेजारच्यांना लागण व्हायच्या आत. अप्पा तेव्हा नव्हते. फुलं अजून येत होती, जरा लहान, जरा वाकडी, पण तोच तो पांढरा, मध्याशी किंचित हिरवट. माघ उलटेपर्यंत ठेवला आणि मग काढला. सुरी डेटॉलमध्ये बुडवून ठेवली.

त्यानंतर मी फोन करायला लागले. नाशिकच्या वन्संना अप्पांनी त्याचा भाग दिला होता. त्या सदनिकेत राहायला गेल्या तेव्हा सगळ्या कुंड्या खालच्या मजल्यावर देऊन टाकलेल्या. डॉक्टरीणबाईंच्या मुलीला आईनं डेलिया लावले होते हेच आठवत नव्हतं. रोपवाटिकेत गेले तर तिथला तरुण मुलगा शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, व्हरायटीचं नाव सांगा, मागवून देतो.’ बिशप ऑफ लँडॅफ मागवता येतो. मध्याशी किंचित हिरवट असा, डॉक्टरीणबाईंनी दिलेला पांढरा कुठल्या नावानं मागवायचा? त्यानं फोनवर तीसेक पांढरे दाखवले. त्यात असेलही एखादा. मला ओळखता आला नाही.

तेव्हापासून मी एक केलं. माठातला एकही कंद जास्तीचा म्हणून ठेवत नाही. मागेल त्याला देते, न मागेल त्यालाही देते. पुष्कळ जण हौसेनं नेतात आणि पुढच्या वर्षी विषय टाळतात. मला राग येत नाही. ज्या फुलाचा घरात काही उपयोग नाही त्याच्यासाठी वैशाखात माठात हात घालत बसणं हे सगळ्यांकडून व्हावं असं कोण म्हणेल?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी इमारत झाली, तिथला रखवालदार माण तालुक्यातला. पहाटे बागेला पाणी घालताना तो कंपाउंडपाशी येऊन उभा राहायचा. ‘काकू, ह्या फुलाचं करत्यात काय?’ असं त्यानं विचारलं होतं. बघतात, असं मी सांगितलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही, पण गावी जाताना ‘माळ्याच्या लाल’चे दोन कंद मात्र त्यानं मागून नेले. कसं ठेवायचं, कधी लावायचं, सगळं नीट विचारून. माणचं हवामान मला मनातून बरं वाटलं. कोरडं, पाऊस कमी, थंडी चांगली. कुजण्याची भीती नाही. सुकेल फक्त.

संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला. उगवलं, काठी लावली, शेरडानं एकदा शेंडा खाल्ला. शेंडा खाल्ला ते बरंच झालं म्हटलं, नाहीतरी खुडायचाच होता. फूल आलं का?

‘आलं की. आईनं नेऊन अंबाबाईला वाहिलं.’

मी क्षणभर गप्प. मग विचारलं, ‘वास नाही म्हणून काही बोलल्या नाहीत का त्या?’

‘वास कशाला बघंल ती? लाल हाय म्हनली. एका फुलात देवी भरून गेली, हार घ्यायचं काम न्हाई. काकू, आई इचारतीय, पिवळा असंल का त्यातला एखादा? खंडोबाला पायजे.’

‘मोडका पिवळा’ आहे, त्याच्या नावाची चिठ्ठी माठाला लावून ठेवली आहे. फाल्गुनात कंद काढले की देईन म्हणून कळवलं.